फोन माझा, चावी कंपनीची!

फोन 'रूट' करायचा म्हणजे नक्की काय करायचं? वॉरंटी खरंच जाते का? आणि गेली तर फक्त वॉरंटीच जाते का? नव्या फोनवर बोटं शिवशिवत असतील, तर आधी हे वाचा!

फ्लॅटचं पझेशन मिळालं की बिल्डर हातात किल्ल्यांचा जुडगा ठेवतो. गाडी घेतली की शोरूमवाला दोन चाव्या देतो, वर फोटोही काढतो. पण चाळीस-पन्नास हजार मोजून, किंवा बारा महिन्यांच्या ईएमआयवर, घेतलेल्या स्मार्टफोनचं काय? त्याच्या सगळ्यात आतल्या खोलीची चावी आपल्याला कुणी देतच नाही. ती कंपनीकडेच राहते. घर आपलं, हप्ते आपले, आणि एक खोली कायमची कुलूपबंद!

ही चावी मिळवण्याच्या उद्योगाला म्हणतात फोन 'रूट' करणं. प्रत्येक ऑफिसात असा एक तरी 'रूटवाला' असतोच. त्याच्या फोनवर एकही जाहिरात दिसत नाही, बॅटरी दोन दिवस पुरते (असं तो सांगतो), आणि आपला फोन हातात घेऊन तो तुच्छतेने म्हणतो, "अजून स्टॉकवरच आहेस?" त्याचं ऐकून आपल्यालाही वाटतं, एका शनिवारी बसावं आणि करून टाकावं. बसायला हरकत नाही. पण हा सौदा नक्की कितीला पडतो, ते आधी बघू या.

रूट म्हणजे काय रे भाऊ?

अँड्रॉइड मुळात लिनक्सवर उभं आहे. लिनक्समध्ये एक सर्वाधिकारी युजर असतो, त्याचं नाव 'रूट'. तो काहीही वाचू शकतो, बदलू शकतो, पुसू शकतो. अँड्रॉइडमध्ये मात्र प्रत्येक ॲपला वेगळा युजर समजून आपापल्या खोलीत बसवलेलं असतं. तुमच्या गेमला तुमच्या बँकेच्या ॲपमधला डेटा दिसत नाही, तो यामुळेच. आणि फोनचे मालक म्हणून तुम्ही? तुम्हालाही फिरायची परवानगी ठरावीक खोल्यांपुरतीच.

गंमत म्हणजे पहिल्यावहिल्या अँड्रॉइड फोनला रूट करायला काहीच करावं लागलं नव्हतं. एचटीसीने बनवलेला टी-मोबाइल जी-वन अमेरिकेत २००८ च्या ऑक्टोबरमध्ये बाजारात आला. त्याच्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक अफलातून घोळ राहून गेला होता. कीबोर्डवर तुम्ही जे टाइप कराल, ते पडद्यामागे रूटच्या अधिकारात कमांड म्हणूनही चालायचं! एका पठ्ठ्याने मैत्रिणीला मेसेजचं उत्तर म्हणून 'रीबूट' हा शब्द टाइप केला, आणि फोन खरोखरच रीबूट झाला. गुगलने तो घोळ लगेच निस्तरला. पण तोवर लोकांना आतल्या खोलीचं दार दिसलं होतं.

पुढची काही वर्षं या मंडळींची चंगळ होती. स्टीव्ह कोंडिक नावाच्या प्रोग्रॅमरने २००९ मध्ये सुरू केलेलं 'सायनोजनमॉड' अनेकांच्या फोनवर आलं. कंपनीने अपडेट द्यायचं बंद केलं तरी लोक आपल्या जुन्या फोनवर नवं अँड्रॉइड टाकू लागले. नको असलेली ॲप्स मुळापासून उडवणं, जाहिराती बंद करणं, फोनचा अथपासून इतिपर्यंत बॅकअप घेणं... कारणं चांगली होती. आजही आहेत.

दारावरचा वॉचमन

कंपन्या गप्प कशा बसतील? त्यांनी दारावर वॉचमन बसवला. त्याचं नाव बूटलोडर. फोन सुरू केल्यावर सगळ्यात आधी जे छोटे प्रोग्रॅम चालतात, त्यातला हा एक. पुढे जी सिस्टीम सुरू व्हायची आहे, तिच्यावर कंपनीची डिजिटल सही आहे की नाही, हे तो तपासतो. सही नसेल तर आत प्रवेश नाही.

यावरून बरीच भांडणं झाली. २०१० मध्ये मोटोरोलाच्या 'ड्रॉइड एक्स'च्या कुलपावरून गदारोळ झाला. एचटीसीनेही आपली कुलपं घट्ट केली, तेव्हा ग्राहकांनी इतका दंगा केला की मे २०११ मध्ये कंपनीचे प्रमुख पीटर चाऊ यांना जाहीर करावं लागलं, यापुढे बूटलोडर लॉक करणार नाही! नंतर एचटीसीने अनलॉक करायची अधिकृत सोय दिली, पण सोबत वॉरंटीचा इशाराही चिकटवला. गुगलच्या नेक्सस फोनवर तर पहिल्यापासूनच एका कमांडने कुलूप उघडायचं. फक्त त्याआधी स्क्रीनवर येणारी सूचना वाचून 'हो' म्हणावं लागायचं.

इथे कंपन्यांची बाजूही ऐकून घेऊ. अनलॉक करताना फोन तुमचा सगळा डेटा पुसून टाकतो. पहिल्यांदा हे करणारा हमखास वैतागतो. पण विचार करा, लोकलमध्ये तुमचा फोन मारला गेला. चोराने बूटलोडर उघडून स्वतःची सिस्टीम आत घातली, तर तुमचे फोटो, मेसेज, पासवर्ड त्याच्या हाती लागू नयेत, म्हणून ही पुसापुशी. वॉचमन तुमच्यावर जसा डोळा ठेवतो, तसा चोरावरही ठेवतो. दोघांतला फरक त्याला कळत नाही, इतकंच!

एकदाच उडणारा फ्यूज

२०१३ मध्ये सॅमसंगने 'नॉक्स' आणलं आणि या खेळाचा नियमच बदलला. घरातला फ्यूज उडाला की आपण नवी तार घालतो. सॅमसंगच्या फोनमध्ये चिपच्या आत एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज असतो, तो आयुष्यात एकदाच उडतो. कंपनीची सही नसलेली सिस्टीम फोनमध्ये चढवली की तो गेलाच. फोनच्या डाउनलोड मोडमध्ये 'वॉरंटी व्हॉइड' या ओळीपुढे शून्याच्या जागी एक उमटतो. नंतर तुम्ही कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर परत टाका, फॅक्टरी रीसेट मारा, फोनला गंगेत बुचकळून काढा, तो आकडा मागे जात नाही. मदरबोर्ड बदलणं एवढाच उपाय.

फ्यूज उडाला की सॅमसंगचं पेमेंट ॲप आणि खासगी फोटो-फाइली ठेवायचं 'सिक्युअर फोल्डर' त्या फोनवर चालत नाही. कायमचं. फोन विकायला काढला, तर पुढच्या गिऱ्हाइकालाही हाच वारसा मिळतो.

सोनीने आणखी वेगळा झटका दिला होता. २०१४ च्या एक्सपिरिया झेड-थ्रीच्या काळात बूटलोडर उघडला की कंपनीने आत ठेवलेल्या काही गुप्त किल्ल्या पुसल्या जायच्या, आणि त्यांच्याबरोबर कमी उजेडात फोटो सुधारणारी करामतही! कुलूप उघडलं सॉफ्टवेअरचं, आणि धूसर झाले बारशाचे फोटो!

वॉरंटी जाते म्हणजे काय जातं?

माझा एक मित्र हिंजवडीत नोकरीला आहे. त्याचा आठ महिने वापरलेला फोन चार्जच होईना. चार्जिंगचा पोर्ट गेला होता, म्हणजे शुद्ध हार्डवेअरचा मामला. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलीने फोन केबलला जोडला, स्क्रीनकडे पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाली, "सर, डिव्हाइस रूटेड दाखवतोय. वॉरंटी व्हॉइड." मित्राने विचारलं, "अहो, पण सॉफ्टवेअरने पोर्टची पिन कशी वाकेल?" त्यावर तिचं उत्तर तेच. तिच्यापुरता तो विषय संपला होता. एक शनिवार आधीच गेला होता, दुसरा घालवायची त्याची तयारी नव्हती. त्याने मुकाट्याने पैसे भरले.

त्याचा प्रश्न मात्र बिनतोड आहे. रूट केल्यामुळे फोन बिघडू शकतो, हे खरं. प्रोसेसर कुवतीपेक्षा जास्त वेगाने पळवला, चार्जिंगच्या मर्यादा बदलल्या, तर दोष कंपनीचा कसा? पण वाकलेली पिन, आपोआप पडलेली स्क्रीनवरची रेघ, जाम झालेलं बटण, यांचा रूटशी काय संबंध? 'कारण आणि बिघाड यांचा संबंध दाखवा' असं म्हणायला ग्राहकाला जागा आहे. अडचण एवढीच, की सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ही चर्चा होत नाही.

रूट करणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. अमेरिकेतही जुलै २०१० मध्ये आयफोनचं 'जेलब्रेक' करायला कायद्यातून अधिकृत सूट मिळाली, तेव्हा ॲपलने लगेच बजावलं होतं, कायदा काहीही म्हणो, वॉरंटी जाऊ शकते! म्हणजे कायदेशीर असणं वेगळं आणि वॉरंटी टिकणं वेगळं. वॉरंटी हा शेवटी तुमच्या-कंपनीमधला करार. त्या पुस्तिकेतली बारीक अक्षरं आपण कधी वाचत नाही, आणि नेमकं तिथेच 'अनधिकृत सॉफ्टवेअर बदल' असं लिहिलेलं असतं. तरीही अन्याय झाला असं वाटलं, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि सुरुवात म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. फोनच्या बिलाइतकीच सर्व्हिस सेंटरची जॉबशीटही जपून ठेवा. नकार दिला तर तो कारणासकट लेखी मागा. तोंडी नकारावर लढाई लढता येत नाही.

सगळ्याच कंपन्या एका माळेच्या मणी नव्हत्या. २०१४ च्या सुमारास वनप्लस आणि मायक्रोमॅक्सचं 'यू' हे दोघेही सायनोजनवाले फोन विकत होते. रूट केलं म्हणून आम्ही वॉरंटी नाकारणार नाही, असं तेव्हा दोघांनी उघड सांगितलं होतं. मग जे तेव्हा जमत होतं, ते आता का जमू नये? उत्तर पुढे आहे. आणि त्याचा वॉरंटीशी फारसा संबंध नाही.

खरी गोची पुढेच आहे

पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्याला मी विचारलं, रूट करून मागणारे येतात का अजून? तो हसला. "ताई, पूर्वी कॉलेजची पोरं रांगेने यायची. आता उलटंच काम येतं. कुणीतरी रूट करून घेतलेला फोन, आणि म्हणतात, पहिल्यासारखा करून द्या." का? "जीपे चालत नाही ना!"

एका वाक्यात त्याने सगळा लेख सांगून टाकला.

फोनची वॉरंटी साधारण वर्षाची. बारा महिने संपले की तसंही कुणी विचारत नाही. पण पगाराचं खातं, यूपीआय, डीमॅट, ऑफिसचा मेल हे सगळं फोनवर रोजच लागतं. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२१ मध्ये डिजिटल पेमेंटच्या सुरक्षेबद्दल निर्देश काढले. त्यात बँकांना सुचवलंय, की फोन रूट किंवा जेलब्रेक केलेला आहे का हे तपासून तशा फोनवर ॲप चालूच न देण्याची शक्यता पडताळून पाहा. बँकांना तेवढं पुरलं. आज अनेक बँकांची ॲप्स रूट केलेल्या फोनवर उघडतच नाहीत. वडापावच्या गाडीवर क्यूआर कोड समोर आणि तुमच्या फोनवर लाल अक्षरात 'युअर डिव्हाइस इज नॉट सिक्युअर'. मागे रांग. खिशात सुट्टे नाहीत!

यामागे गुगलची 'प्ले इंटिग्रिटी' ही तपासणी आहे. आधी तिची जुनी बहीण 'सेफ्टीनेट' होती, ती जानेवारी २०२५ मध्ये निवृत्त झाली. ॲप गुगलला विचारतं, हा फोन जसा कारखान्यातून निघाला तसाच आहे ना? सगळ्यात कडक तपासणीत उत्तर फोनच्या चिपमधल्या किल्लीने सही करून येतं. त्यामुळे सॉफ्टवेअरने खोटं बोलणं दिवसेंदिवस अवघड होत चाललंय. म्हणजे खरं कुलूप आता तुमच्या खिशातल्या फोनपुरतं उरलेलंच नाही. त्याचं दुसरं टोक बँकेच्या सर्व्हरवर आहे.

रूटवाले हार मानत नाहीत, हेही खरं. जॉन वू या तरुणाने २०१६ मध्ये 'मॅजिस्क' काढलं. मूळ सिस्टीमला हात न लावता रूट द्यायचं आणि ते लपवायचंही! हा उंदीर-मांजराचा खेळ काही वर्षं जोरात चालला. मग २०२१ मध्ये हाच जॉन वू गुगलच्या अँड्रॉइड सुरक्षेच्या टीममध्ये नोकरीला लागला आणि लपवाछपवीचा तो भाग मॅजिस्कमधून निघाला. इतर लोक नवनवे जुगाड काढतच असतात. आज चालतं, पुढच्या महिन्यात अपडेट येतं, आणि पगाराच्या दिवशी ॲप बंद. हा खेळ ज्याला आवडतो त्याने जरूर खेळावा. पण घरभाडं त्याच फोनवरून भरायचं असेल तर?

बाकीची बिलंही बघून घ्या. बूटलोडर उघडला की बऱ्याच फोनवर व्हिडिओच्या कॉपीराइट सुरक्षेचा दर्जा खाली येतो. मग भारीतला स्क्रीन असूनही नेटफ्लिक्स एचडीत दिसत नाही. ऑफिसने मेलसाठी इंट्यूनसारखं ॲप घालायला लावलं असेल, तर तेही रूट ओळखतं आणि मेल बंद होतो. आयटीवाल्यांना उत्तर द्यायची पाळी तुमच्यावर.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. रूटची चावी तुम्हाला मिळते, तशी तुम्ही 'अलाऊ' म्हणाल त्या प्रत्येक ॲपलाही मिळते. 'एका क्लिकमध्ये रूट' म्हणत कुठून तरी आलेल्या एपीके फाइलला तुम्ही ती चावी दिली, की तुमचे ओटीपी, तुमचे फोटो, तुमचं सगळं त्या अनोळखी माणसाच्या मर्जीवर. वॉरंटी गेली तर दुरुस्तीचे पैसे जातात. इथे खातं रिकामं होतं.

मग करायचंच नाही का?

करा की! फक्त कुठल्या फोनवर, ते ठरवा.

माझं साधं सूत्र आहे. ज्या फोनवर पगार जमा झाल्याचा मेसेज येतो आणि ज्यावरून पैसे जातात, त्याला हात लावू नका. पण ड्रॉवरमध्ये पडलेला, वॉरंटी कधीच संपलेला, कंपनीने अपडेट बंद केलेला तो जुना फोन? तो तर याच्यासाठीच जन्माला आलाय. सायनोजन कंपनीने २०१६ च्या अखेरीस गाशा गुंडाळला, पण त्याच कामातून 'लिनिएजओएस' उभं राहिलं आणि ते आजही चालू आहे. तुमच्या मॉडेलसाठी ते मिळत असेल, तर मेलेल्या फोनला नवं आयुष्य मिळतं. गाणी ऐकायला, पुस्तकं वाचायला, आईला स्वयंपाकघरात रेसिपी बघायला झकास!

मुख्य फोनवरची बरीच दुखणी रूट न करताही जातात. अँड्रॉइड ९ पासून सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' आहे. तिथे जाहिराती गाळणाऱ्या सेवेचा पत्ता टाकला की ब्राउझरमधल्या आणि ॲप्समधल्या पुष्कळ जाहिराती गायब. कंपनीने लादलेली ॲप्स कॉम्प्युटरला फोन जोडून एडीबीच्या कमांडने तुमच्यापुरती काढता येतात. फ्यूज शाबूत, वॉरंटी शाबूत. आणि नवं अँड्रॉइड मिळावं म्हणून रूट करायची गरजही कमी होत चालली आहे. गुगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलक्सी एस २४ ला सात वर्षं अपडेट द्यायचं वचन दिलं.

पण यात एक खटकणारी गोष्ट आहेच. दारं एकेक करून बंद होत आहेत. शाओमीच्या हायपरओएसवर अनलॉकसाठी अर्ज करा, मंजुरीची वाट बघा, असा सरकारी कचेरीसारखा प्रकार आहे. २०२५ मध्ये वन यूआय ८ बरोबर सॅमसंगने नव्या गॅलक्सी फोनमधून 'ओईएम अनलॉक' हा पर्यायच काढला. बँकेने आपल्या ॲपसाठी अट घालावी, तो तिचा हक्क. चोरापासून डेटा वाचवावा, तेही मान्य. पण अपडेट द्यायचं थांबवल्यावरही, वॉरंटी संपल्यावरही, फोन माझ्यासाठी बंदच का? सात वर्षांनी कंपनी हात झटकणार, तेव्हा निदान त्या खोलीची चावी तरी मालकाच्या हातात ठेवावी ना!

तोवर एवढं तरी करावं. फोनच्या बॉक्सवर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोठ्या अक्षरात छापता, तिथेच एक ओळ टाका: बूटलोडर उघडतो की नाही, आणि उघडला तर काय बंद पडतं. पैसे मोजण्याआधी हे कळणं, एवढी माफक अपेक्षा आहे.

हात घालण्याआधी...

● फोनचा नेमका मॉडेल नंबर सेटिंगमध्ये बघा. एकाच नावाच्या फोनचे देशानुसार वेगवेगळे अवतार असतात. दुसऱ्याची फाइल टाकली की फोनची वीट होते!

● अनलॉक करताना सगळं पुसलं जातं. फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्याच, पण ओटीपी देणारं ऑथेंटिकेटर ॲप आधी दुसऱ्या फोनवर हलवा. हे लोक हमखास विसरतात.

● कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर आधीच डाउनलोड करून ठेवा. परतीचं तिकीट काढल्याशिवाय गाडीत बसू नका.

● बॅटरी भरलेली, केबल धड. मधेच केबल हलली तर रविवारसुद्धा गेला.

● यूपीआय आणि बँकेची ॲप्स दुसऱ्या फोनवर चालू करून, एक रुपया पाठवून बघा. मगच पुढे.

● कुणी 'आयएमईआय पण बदलून देतो' म्हणालं, तर तिथून उठा. टेलिकम्युनिकेशन्स ॲक्ट २०२३ नुसार त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

● आणि ऑफिसातल्या 'रूटवाल्या'ला एक प्रश्न जरूर विचारा: "तुझा दुसरा फोन कुठला?" त्याच्याकडे तो असतोच!